तिसरी काडी

गंगाधर, लाव पैज. मी गोष्ट संपवायच्या आत तू शेवट ओळखलास, तर तुझ्या घरचं पाणी महिनाभर मी भरतो, नळावर उभा राहून. एवढं आधीच सांगतो, मरायचा होतो तो मी. वाचलो तो पण मीच, बसलोय बघ तुझ्यासमोर विडी ओढत. पण त्या वाचण्याची किंमत भरली भलत्यानंच. कोणी भरली आणि काय भरली, ते सांग. नाय सांगता येणार तुला. शिकलेली माणसं पटकन ओळखतात आणि चुकीचं ओळखतात.

दिवा जरा अलीकडं घे. वारा लागतोय त्याला. आणि घाबरलास तर मधेच सांग, तुझ्या बायकोला हाक मारतो.

तर दसऱ्याचा दिवस. भर दुपार. मी झेंडूची माळ आणि उदबत्तीचा पुडा घेऊन लोअर परळला कामावर चाललेलो. काम एवढंच, मशीनला हार घालायचा. गिरणीत आम्ही दसऱ्याला साचे, म्हणजे कापड विणायचे माग, पुसायचो, हार घालायचो, नारळ फोडायचो. त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाय, पाया पडायचं. गिरणी गेली, पण सवय जाते काय?

आणि गिरणी गेली तरी जागा तीच होती बरं का. संपानंतर गिरणी उठलीच नाय. मग चिमणी पाडली, पत्रे काढले, आणि काचेचा टॉवर उभा केला. ज्या जागी मी साचे चालवले, त्याच जागी म्हातारपणी कंत्राटदाराच्या हाताखाली लाद्या पुसायला लागलो. आणि तळघरातली बॅटरीची खोली माझ्याकडं. वरच्या हापिसातले कॉम्प्युटर लाइट गेली तरी चालू राहायला पाहिजेत ना, त्याच्यासाठी कपाटाएवढ्या बॅटऱ्या तिथं उभ्या केलेल्या. थंडगार खोली. खिडकी नाय. जाड लोखंडी दार.

त्या खोलीचा एक कायदा नीट ऐक, नंतर विचारू नको. तिथं आग लागली तर पाणी मारत नायत, गॅस सोडतात. आपोआप सुटतो. आग विझते. आत माणूस असला तर माणूस पण विझतो. म्हणून ती सिस्टिम आधी मशीनला विचारते, आत कोण आहे काय? मशीन हो बोललं, तर गॅस थांबतो. नाय बोललं, की सुटला.

आणि ते मशीन म्हणजे आमचं हजेरीचं मशीन. मेन गेटपासून तळघरापर्यंत सगळ्या दारांना एकच. भिंतीवर आकड्यांची आणि इंग्रजी अक्षरांची बटणं. आपला नंबर दाबायचा, दार उघडायचं. बाहेर जाताना परत दाबायचा. त्याचा हिशेब सोपा होता. जो आत आला, तोच बाहेर जाणार. जो आत आलाच नाय, त्याला बाहेर कसा सोडायचा? बरोबर हाय की नाय? कागदावर एकदम बरोबर.

नोंदणीच्या दिवशी प्रत्येकाकडून नंबर घेतला, आणि मशीनमध्ये तोंडानं आपलं नाव बोलायला लावलं. मग तू नंबर दाबलास की तुझाच आवाज तुझं नाव बोलणार. गेटवरचा रमाकांत वॉचमन, त्याचं नाव मशीन बोललं की वाटायचं कोंबडा आरवला.

कंत्राटदारानं सगळ्यांना साधे नंबर दिले. घेतले नायत ते दोघांनी. एक मी. दुसरी शेवंती वहिनी.

ही शेवंती वहिनी म्हणजे धोंडूची बायको, माझ्यासारखीच टॉवरमध्ये लाद्या पुसायला. धोंडू माझ्या गावचा, देवगडकडला. गावच्या पोरांनी मिळून घेतलेल्या खोलीत, गाळ्यात, आम्ही एका चटईवर झोपलेले. तो कायम कामगार, मी बदली. बदली म्हणजे काय, तुला ठाऊक नसेल. सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी कामावर आला नाय तर त्याच्या साच्यावर तुला घेणार. सगळे आले, तर परत फिर, उपाशी. हा धोंडू काय करायचा? माझी चूल थंड दिसली की याच्या पोटात दुखायचं. जॉबरला, आमच्या मुकादमाला, बोलायचा, आज माझी पाळी भिवा भरेल. घरी जाऊन मस्त भाकरी खायचा. चांगला धडधाकट माणूस, पण गिरणीत त्याचं नाव पडलं पोटदुख्या. मी पण चिडवायचो त्याला, कसला मी. त्याच्याच शब्दावर पुढं मला कायमचा बिल्ला मिळाला.

संपात सगळेच हमाली शोधत फिरत होते. मला कॉटन ग्रीनला गोदामात काम लागलं. एका दिवशी मला सडकून ताप. धोंडू बोलला, झोप, मी जातो. गेला. संध्याकाळी थप्पीवरची कापसाची गाठ त्याच्यावर आली, जागीच गेला. शेवंती वहिनीनं मला त्याबद्दल एक शब्द कधी सुनावला नाय. मी उभा राहायचो तिच्यासमोर, वाट बघत, की आता बोलेल. ती चहा पुढं करायची.

तर आम्ही दोघांनी नंबर घेतला गिरणीचाच. आमच्या खात्याच्या पितळी बिल्ल्यावर पुढं शून्य, मग तीन दातांची फणी, तिला ई बोलतात म्हणे, आणि मग आकडा. माझा शून्य ई चौसष्ट. तिनं धोंडूचा घेतला, शून्य ई एकवीस. कंत्राटदाराचा माणूस हसला. बोलला, काय पण घ्या, मशीनला काय फरक पडतो.

पडला फरक.

पयल्याच सकाळी मी नंबर दाबला, आणि मशीन बायकी आवाजात बोललं, "शेवंती." परत दाबला, परत "शेवंती." मागं लाइनीत उभी सगळी पोरं लोळायला लागली. मी कसला ऐकतोय. टॉवेल डोक्यावरून घेतला आणि मुरडत आत गेलो. त्या दिवसापासून मी शेवंताबाई. रमाकांत मला विचारायचा, काय बाई, आज डाळ काय केली? वहिनी पण तोंडाला पदर लावून हसायची. नवरा गेल्यावर ती हसलेली मी तेव्हाच पयल्यांदा बघितली.

आणखी एक मजा मला सापडली, आळशीपणातून. एकदा घाईत मी नुसतं शून्य दाबलं, बाकीचं राहिलं. दार उघडलं! "शेवंती." मग काय, मी नव्या पोरांबरोबर पैजा लावायचो, एका बोटानं दार उघडून दाखवतो. बोलायचो, गिरणीतली भुतं माझ्या ओळखीची हायत, ती उघडतात. एक पोरगा खरंच हनुमानाचा ताईत बांधून आला.

भानगड व्हायची ती संध्याकाळी. मशीनला आम्ही दोघं मिळून एकच माणूस. वहिनी आधी बाहेर पडली की मशीनच्या लेखी मी पण बाहेर. मग मी नंबर दाबला, तर लाल दिवा, आणि त्यातली इंग्रजी बाई बोलायची, "नॉट इन्साइड." आत नाय. मी आत उभा, आणि ती मला सांगते तू आत नायस. गेटवर काय, रमाकांत बटण दाबून सोडायचा. तक्रार केली, वर कोणी ऐकली नाय. मग आम्ही एकत्र निघायला लागलो. ती दाबायची, मी पाठून सरकायचो.

एकदा जाताना वहिनी हळूच बोलली, "भावोजी, हसू नका हां... मी ह्यांचा नंबर दाबते ना, तेव्हा कोणतरी बरोबर चालतं. घरापर्यंत येतं."

मी हसलो. बोललो, वहिनी, तो मीच, तुमची सावली, शेवंताबाई. पण चेहरा समाधानी होता तिचा. कोणाला तरी घरी घेऊन चालल्यासारखा. तिची एकच आस होती. मुलानं गावाला घर बांधलेलं, पुढं पडवी, पाठी माड. काम सुटलं की तिथं जाऊन राहायचं. बोलायची, ह्यांना पण नेईन.

आता दसऱ्यावर ये.

सुट्टी होती. टॉवर सगळा रिकामा. वहिनीची अर्धा दिवस ड्युटी. खाली येऊन तिनं मला आपट्याची पानं दिली, सोनं घ्या भावोजी, बोलली, पाया पडली, आणि मी बॅटऱ्यांना हार घालून येतोच बोललो तर थांबते बोलली. मग नातवाला ताप असल्याचा निरोप आला म्हणून ती घाईत निघाली. निघाली ती गेटवर नंबर दाबूनच निघाली. रोजची सवय.

मी तोवर नंबर दाबून बॅटरीच्या खोलीत गेलेलो. दार पाठी लागलं. बॅटऱ्यांचा तो बारीक आवाज असतो ना, डास कानाशी यावा तसा... तो चालू. मी फडकं मारलं. झेंडू लावला. कुंकू लावलं. आणि उदबत्ती पेटवली. चांगली दोन बोटांत धरून ओवाळली. धूर वर गेला. वर छताला एक वाटीएवढं गोल यंत्र, त्याच्यात गेला.

सायरन.

असा सायरन, की दात हलले. मला आधी हसूच आलं, बोललो मशीनला पूजा पावली. मग लाल दिवा फिरायला लागला, आणि मला कायदा आठवला. आत कोण आहे काय? मशीन हो बोललं तर थांबतो...

मी दाराकडं धावलो. शून्य, फणी, सहा, चार.

"नॉट इन्साइड."

परत दाबला. फिरत्या लाल दिव्यात बटणं दिसत नव्हती नीट. नुसतं शून्य दाबून बघितलं, माझी हुकमी युक्ती. "नॉट इन्साइड." वहिनीचा नंबर दाबला. "नॉट इन्साइड." तिन्ही एकच माणूस ना, आणि तो माणूस तर कधीच घरी गेला. मी लाथा मारल्या. ओरडलो. त्या दाराच्या जाडीत आवाज असा मेला, जसा गोधडीत. मोबाइलला रेंज नाय. वर रमाकांतच्या स्क्रीनवर काय दिसत होतं, तर आत: शून्य. तो बिचारा निवांत. आत कोणी नाय तर गॅस जाऊ दे, बोलला असेल.

मग फुस्स झालं. पांढरं, थंड, छतावरून खाली आलं आणि पायाशी पसरलं. उदबत्ती विझली. बघ, आधी उदबत्ती विझली... नंतर माझ्या छातीत कोणीतरी मूठ घातली. ओरडायला तोंड उघडलं तर आत यायला हवाच नाय. मी दाराला पाठ लावून खाली बसलो. गुडघे दिसेनात. सायरन पण लांब गेला, बंदरावर भोंगा वाजावा तसा. आणि सायरन लांब गेला तसं दुसरं ऐकू आलं.

साचे.

गंगाधर, मी आयुष्य त्यात काढलंय, मला फसवू शकत नाय कोणी. शंभर साचे एकदम चालल्यावर जमीन जशी पायाखाली थरथरते, तशी थरथरत होती. आणि वास... तेल, ओला कापूस, घाम. आमच्या खात्याचा वास.

मग दाराच्या त्या बाजूनं बटण वाजलं. टुक.

थांबलं. जसं कोणी अक्षर शोधतंय. माझ्यासारखाच अडाणी... टुक. परत थांबलं. टुक. टुक.

मशीन एक नाव बोललं. शेवंती नाय बोललं. भिवा पण नाय.

"धोंडू."

त्याचा आवाज. जाड, जरा नाकातला. गाळ्यात रात्री मला हाक मारायचा तोच. मशीन आलं तेव्हा त्याला जाऊन पंचवीस वर्षं झालेली, त्यात त्याचं नाव कोणी बोलायचं?

दार उघडलं. बाहेर पॅसेजमध्ये कोणी नव्हतं. पांढरा धूर माझ्याबरोबर बाहेर लोटला, आणि त्या धुरात एक जागा अशी होती की तिथून धूर जात नव्हता. बाजूनं वळत होता. माणसाएवढी जागा. ती माझ्या अंगावरून आत गेली. थंड नव्हती. ऊबदार होती... पाळीवरून सुटलेल्या माणसाच्या अंगासारखी. आणि अगदी कानाशी, खालच्या आवाजात...

"भिवा... तुझी पाळी मी भरतंय. तू भायर हो."

मी रांगत बाहेर आलो. पाठी दार लागलं.

रमाकांतनं मला जिन्यात बघितला आणि त्याची पाचावर धारण बसली. त्यानं कॅमेरा बघितलेला. पॅसेजमध्ये कोणी दिसत नाय, दार आपोआप उघडतं, आणि शेवंताबाई रांगत बाहेर येतात. मी त्याच्या हातचं पाणी प्यालो आणि पयलं काय केलं सांगू? गेटबाहेर येऊन रस्त्याला डोकं टेकलं. टॅक्सीवाला शिव्या घालत होता, मी त्याला पण हात जोडले. सगळं गोड लागत होतं रे. धूळ पण.

दुसऱ्या दिवशी ते मशीन ज्यानं बनवलं तो जगदीश आला. गिरगावचा, चष्मेवाला, चांगला पोरगा. घाबरलेला होता, माझे पाय धरायला लागला. मी बोललो, पाय सोड, झालं काय ते सांग, माझ्या भाषेत सांग. मग त्यानं स्क्रीनवर दाखवलं. दोन नंबर सारखे आहेत की नाय, हे बघायला त्यात दोन आडव्या काड्या मारतात. दोन काड्या म्हणजे, बोलला, काका, ढोबळ मानानं सारखं. त्यात कॉम्प्युटर शहाणपणा करतो. नंबर जसा आहे तसा बघत नाही, आधी त्याचा आकडा करायला जातो. ई दिसला की त्याला वाटतं, पुढं तेवढी शून्यं जोडायची. शून्य ई चौसष्ट म्हणजे शून्यापुढं चौसष्ट शून्यं. शून्य ई एकवीस म्हणजे शून्यापुढं एकवीस.

मी बोललो, म्हणजे शेवटी शून्यच.

"दोघंही शून्य," तो बोलला. "म्हणून त्याला तुम्ही दोघं एकच वाटलात. आणि यादीत काकू आधी, म्हणून आवाज त्यांचा."

मग त्यानं माझ्यासमोर तिसरी काडी मारली. तीन काड्या म्हणजे हुबेहूब. अक्षर न् अक्षर तेच पाहिजे. मी जाऊन नंबर दाबला. मशीन माझ्या आवाजात बोललं, "भिवा." नुसतं शून्य दाबलं, तर हाकलून दिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी जगदीशला बाजूला घेतलं. विचारलं, धोंडू नावाचा आवाज? त्यानं सगळे आवाज एकेक करून लावले. नव्हता. बोलला, काका, गॅस चढतो डोक्यात, होतात भास. मी हो बोललो. पण रमाकांतनं ते नाव वर गेटवरच्या स्पीकरवर ऐकलं होतं, आणि त्याच्या डोक्यात गॅस नव्हता.

आणि स्क्रीनवर बॅटरीच्या खोलीसमोर लिहिलेलं होतं, आत: एक. खोली उघडून बघितली. झेंडू सुकलेला, बाकी कोणी नाय. जगदीशनं तो आकडा पुसून शून्य केला. सकाळी परत एक. वायर बदलली. एक. शेवटी त्यानं नाद सोडला.

वहिनीला मी सगळं सांगितलं. तिच्या पाया पडलो, बोललो, दोनदा वाचवलं त्यानं मला. मग ती मशीनकडं गेली, धोंडूचा नंबर दाबला, बाहेर पडली. थोडं चालली. थांबली. परत आली.

"भावोजी... आज कोण नाय बरोबर."

मला कळलं नाय. तिला कळलं. हळू आवाजात तिनंच समजावलं, जसं पोराला समजावतात. आधी ढोबळ होतं तेव्हा तिच्या नंबरावर तो पण यायचा आणि जायचा. आता हुबेहूब पाहिजे, तो नंबर दाबला की मशीन एकट्या शेवंतीलाच मोजतं. तो आत गेला तुमच्या पाळीवर, बोलली, आणि त्याला बाहेर काढील असा नंबर आता कोणाकडंच नाय.

ती जगदीशकडं गेली. ती एक काडी काढ बाळा, बोलली, एका संध्याकाळपुरती. त्याचे डोळे भरले, पण तो नाय बोलला. काकू, त्या काडीपायी माणूस मरत होता. बरोबरच बोलला तो. मी बाजूला उभा होतो. तो माणूस मीच होतो.

मुलगा न्यायला आला, गावचं घर तयार, गाडीची तिकिटं काढलेली. ती गेली नाय. कंत्राटदाराला सांगून तिनं तळघराची ड्युटी मागून घेतली, जी कोणाला नको असते. ऊन नाय, वारा नाय. दारासमोर स्टूल टाकून बसायची. जेवताना डबा उघडून झाकणात त्याचा वाटा काढून दाराकडं सरकवायची. रिटायरचं वय झालं तरी अर्ज करून करून थांबली. मुलगा भांडला, सून रडली. मला तरी एकदा ती रागवेल, असं वाटायचं. चहाच पुढं करायची. बोलायची, तुम्ही सुटलात ना भावोजी, ह्यांना बरं वाटलं असेल.

रोज देवापुढं दिवा लावताना मी त्या दोघांची नावं घेतो. भीती वाटते, पण त्याच्या आधी हात जोडले जातात.

गेल्या शिमग्याला ती तिथंच, स्टुलावर बसल्या बसल्या गेली. रमाकांतनं मला फोन केला. स्क्रीनवर आत: दोन दिसत होतं.

देवगडचं ते घर, पुढं पडवी, पाठी माड... तिनं एक रात्र पण त्यात काढली नाय.